मुलगी बापावर: रंगावरून नर-मादी ओळखता येईल असा कोंबड्यांचा संकर

एक दिवसाच्या पिल्लाकडे पाहून ते नर की मादी हे सहसा सांगता येत नाही. तुरा लाल व्हायला लागेपर्यंत सहा-आठ आठवडे जातात. तोवर जिला तुम्ही पुढची अंड्यांवरची कोंबडी म्हणून कौतुकाने हातावर खेळवलेलं असतं, ती एका पहाटे घसा खाकरल्यासारखा आवाज काढते आणि तुमच्या लक्षात येतं की 'ती' नाही, 'तो' आहे. परसात दहा-बारा पक्ष्यांचीच जागा असेल तर हा विनोद महागात पडतो. अर्धं खाद्य आणि अर्धं खुराडं अशांवर गेलेलं असतं ज्यांना तुम्ही मुळात ठेवणारच नव्हता.

आई-बाप विचार करून निवडले तर ही वाट पाहावी लागत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू सुकलं की त्याच दिवशी, निव्वळ लवीच्या रंगावरून, वर्गवारी करता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही, पिल्लाला दाबून-चेपून पाहावं लागत नाही. लागतं ते एवढंच: कोणता कोंबडा कोणत्या कोंबडीला लावायचा हे अंडी उबवायला ठेवण्याआधी ठरवणं. नवख्यांची चूक नेमकी तिथेच होते. जोडी बरोबर असते, पण उलटी लावलेली असते.

आधी गोम समजून घ्या

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याच्या पेशीत झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, कोंबडीच्या पेशीत एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडा प्रत्येक पिल्लाला एक झेड देतो, कारण दुसरं काही द्यायला त्याच्याकडे नसतंच. कोंबडीने झेड दिलं तर नर, डब्ल्यू दिलं तर मादी.

आता जरा थांबून हिशेब लावा. मादी पिल्लाकडे एकच झेड असतं आणि ते बापाचं असतं. नर पिल्लाकडे दोन असतात, एक बापाचं आणि एक आईचं. रंगाची काही जनुकं या झेडवर बसलेली आहेत आणि डब्ल्यूवर त्यांची जोड नाही. म्हणून त्या रंगांपुरती मुलगी शंभर टक्के बापावर जाते, आईचा त्यात काडीचाही वाटा नसतो. 'खाण तशी माती' ही म्हण कोंबड्यांच्या बाबतीत लेकीपुरती गुंडाळून ठेवावी लागते.

यातून जोडीचा नियम निघतो. बापाकडे अप्रभावी, म्हणजे दुसऱ्यापुढे दबणारा रंग हवा. आईकडे प्रभावी, म्हणजे दुसऱ्याला दाबणारा. मग मुलींना बापाचा दबणारा रंग मिळतो आणि त्याला दाबायला समोर कोणीच नसल्याने तो उघड दिसतो. मुलांना मात्र आईकडून दाबणारा रंगही आलेला असतो, त्यामुळे ती आईसारखी दिसतात. मुलगी बापासारखी, मुलगा आईसारखा. हा उलटा न्याय एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

जोडी फिरवली तर? समजा बाप प्रभावी रंगाचा आणि शुद्ध आहे, आई अप्रभावी रंगाची. तर मुलगा काय आणि मुलगी काय, सगळ्यांना बापाचा दाबणारा रंग मिळतो आणि सगळी पिल्लं सारखी दिसतात. पक्षी तेच, खर्च तोच, पण उपयोग शून्य.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती परसातल्या माणसाच्या बाजूने आहे. वंशावळीचे कागद नसले तरी अडत नाही. अप्रभावी रंग ज्या कोंबड्यावर उघड दिसतो, त्याच्या दोन्ही झेडवर तोच असणार, नाहीतर तो दिसलाच नसता. आणि कोंबडीकडे एकच झेड, त्यामुळे तिच्या अंगावर जे दिसतं तेच तिच्याकडे असतं, लपवलेलं काही नसतं. म्हणजे योग्य जोडीतले दोन्ही पक्षी डोळ्यांनी पारखता येतात. याला काही अपवाद आहेत, ते पुढे सांगतो.

ही युक्ती नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये अन्नटंचाई असताना केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी ती सुचवली: नर पिल्लं पहिल्याच दिवशी ओळखता आली तर त्यांच्यावर धान्य खर्च होणार नाही. शाळेत आनुवंशिकतेच्या धड्यात जो चौकोन काढतात तो याच पनेट यांचा.

जोडी पहिली: कबरी कोंबडी, बिनपट्ट्याचा कोंबडा

सुरुवात करणाऱ्याला मी हीच जोडी सुचवतो. पिल्लांचा फरक यात सगळ्यांत ठळक असतो.

आई म्हणून पट्टेरी कोंबडी घ्या. बार्ड प्लायमाउथ रॉक (थोडक्यात बार्ड रॉक) ही यातली सगळ्यांना ठाऊक असलेली जात. पट्ट्यांचं जनुक झेडवर असतं आणि ते प्रभावी असतं. बाप म्हणून बिनपट्ट्याचा, गडद रंगाचा कोंबडा: ऱ्होड आयलंड रेड, न्यू हॅम्पशायर, काळा ऑस्ट्रॅलॉर्प, यांपैकी कोणीही चालतो.

पिल्लं निघतात तेव्हा सगळीच काळी दिसतात. पण नरांच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, पांढरट किंवा फिकट पिवळा टिकला असतो. माद्यांचं डोकं स्वच्छ काळं. तीन-चार आठवड्यांनी पिसं येऊ लागली की खात्री पटते, कारण नरांच्या पिसांवर आडवे पट्टे उमटतात आणि माद्या काळ्याच राहतात. बाप तांबडा असेल तर त्यांच्या मानेवर आणि छातीवर तांबूस-सोनेरी झाक चढते. दिसायला या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, फार देखण्या होतात.

मात्र कोंबडी खरोखर 'त्या' पट्ट्यांची आहे ना, हे पाहा. कोंबड्यांच्या अंगावर रेघा, ठिपके, नक्षी नाना प्रकारची असते आणि बोलताना आपण सगळ्यांनाच कबरी म्हणून मोकळे होतो. आपल्याला हवे ते पट्टे पिसाला आडवे जातात, एक फिका एक गडद असे आलटून पालटून, आणि पीस उचकटून पाहिलं तर खाली कातडीजवळच्या मऊ भागापर्यंत पोचलेले असतात. पंखांची मोठी पिसं आणि शेपूटही पट्टेरी असते. पिसाच्या टोकाला नुसता पांढरा ठिपका असेल तर ते वेगळं जनुक आहे आणि ते झेडवर नाही. तपकिरी पिसावर बारीक नागमोडी रेघा असतील तर तेही नाही. 'कुकू' नावाने ओळखले जाणारे अस्पष्ट, पुसट कडांचे पट्टे मात्र चालतात, जनुक तेच आहे.

गावरान, मिसळ रक्ताची कोंबडी असली तरी हरकत नाही, पट्टे खरे असले म्हणजे झालं. फक्त पिल्लाची लव काळी निघाली पाहिजे. पाठीवर तपकिरी रेघा असलेल्या, रानकोंबड्यासारख्या पिल्लांत डोक्यावरचा टिकला त्या रेघांत हरवून जातो आणि ओळखताना चुका होतात. बार्ड रॉक किंवा काळा ऑस्ट्रॅलॉर्प जोडीत असला की काळी लव आपोआप मिळते.

जोडी दुसरी: रुपेरी कोंबडी, सोनेरी कोंबडा

दुसरी जोडी 'सोनेरी-रुपेरी'. तपकिरी अंडी देणारे व्यावसायिक संकर बहुतेक याच तत्त्वावर उभे आहेत. रुपेरी जनुक प्रभावी, सोनेरी अप्रभावी, आणि दोन्ही झेडवर.

बाप ऱ्होड आयलंड रेड किंवा न्यू हॅम्पशायर. आई लाइट ससेक्स, डेलावेअर किंवा सिल्व्हर लेस्ड वायनडॉट. मुली निघतात तांबूस, विटकरी-बदामी रंगाच्या. मुलं निघतात फिकट पिवळी, सायीच्या रंगाची. लाइट ससेक्सची पिल्लं ओळखायला सर्वांत सोपी. वायनडॉटच्या बाबतीत पिल्लांच्या पाठीवर गडद छटा येतात, तेव्हा पाठ सोडून डोकं आणि चेहरा पाहायचा: तिथे तांबूस-तपकिरी झाक असेल तर मादी, राखाडी-रुपेरी असेल तर नर.

हे नर मोठे झाल्यावर पांढरे होतात खरे, पण खांद्यावर आणि पाठीवर तांबूस डाग उमटतात. ते पाहून 'आपण चुकलो की काय' अशी शंका घेऊ नका. सोनेरी रंग पूर्ण दबत नाही, थोडा झिरपतोच.

काळा कोंबडा या जोडीत वापरू नका. काळा रंग सगळं अंग झाकून टाकतो आणि खाली सोनेरी आहे की रुपेरी हे कळतच नाही. तोच ऑस्ट्रॅलॉर्प पट्टेरी कोंबडीला चालतो, रुपेरीला चालत नाही.

पांढऱ्या पक्ष्यांपासून सावध

मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. नवखा माणूस विचार करतो, रुपेरी म्हणजे पांढरीच ना, मग माझ्याकडची पांढरी कोंबडी घेतो. पांढरा रंग हा बहुतेक वेळा रंग नसून चादर असते. व्हाइट लेगहॉर्नकडे प्रभावी पांढरं जनुक असतं. ते काळा रंग उमटूच देत नाही. अशा कोंबडीच्या चादरीखाली पट्टे असतील, रुपेरी असेल किंवा काहीच नसेल, बाहेरून कळायला मार्ग नाही. शिवाय पिल्लांवरही तीच चादर पसरते आणि सगळी पिवळी निघतात.

दुसऱ्या प्रकारचं पांढरं अप्रभावी असतं. ते पिल्लांत नाहीसं होऊन खालचे रंग उघडे पडतात. व्हाइट प्लायमाउथ रॉकमध्ये असं आढळतं आणि काही वाणांतल्या कोंबड्यांच्या अंगात खाली रुपेरी जनुक असल्याने त्या सोनेरी कोंबड्याला चालूनही जातात. पण हे आधी करून पाहिल्याशिवाय समजत नाही. लाइट ससेक्स पांढरी दिसली तरी तिच्या मानेवर आणि शेपटीत काळी पिसं असतात. ती पिसं म्हणजे चादर नसल्याचा पुरावा. पूर्ण पांढऱ्या पक्ष्यापासून पहिला प्रयोग करू नये, इतकंच माझं म्हणणं.

जुना कोंबडा हलवा आणि थांबा

जोडी ठरली, आता घाई करू नका. कोंबडीच्या अंगात बीज साठवून ठेवायची सोय असते. एकदा संग झाला की दोन आठवडे, कधी तीनही आठवडे ती फलित अंडी घालत राहते. म्हणून दुसऱ्या कोंबड्यासोबत राहिलेली कोंबडी वेगळी काढली की कमीत कमी तीन आठवडे, जमलं तर चार, तिची अंडी उबवायला ठेवायची नाहीत. खायला काही हरकत नाही.

मी पहिल्या खेपेला हा नियम वाचला होता आणि धाब्यावर बसवला होता. आधीचा पट्टेरी कोंबडा हलवला, तांबडा आणला, आठवड्याने अंडी गोळा करायला लागलो. एकवीस दिवसांनी निघालेल्या अकरा पिल्लांपैकी नऊंच्या डोक्यावर टिकला. मी खुशाल नऊ नर मोजले आणि नशिबाला बोल लावत बसलो. त्यातल्या पाच पुढे अंडी देऊ लागल्या. पट्टेरी बापाचं बीज अजून कामाला होतं आणि त्याने लेकींनाही टिकला देऊन टाकला होता.

नवा कोंबडा सोडल्यावर फलित अंडी मिळायला काही दिवस लागतात, पण तो थांबण्याच्या काळातच सोडला तर वेळ वाया जात नाही. नव्याचं बीज जुन्यावर मात करू लागतं हे खरं असलं तरी पूर्ण खात्री तीन-चार आठवड्यांनीच. एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या हे प्रमाण ठीक. दोन-तीनच कोंबड्या असतील तर त्यांच्या पाठीवरची पिसं झडताना दिसतील. तेव्हा कोंबड्याला दिवसाआड वेगळं ठेवा.

बाहेरून नवा पक्षी आणत असाल तर त्याला महिनाभर वेगळ्या जागी ठेवून मगच कळपात मिसळा. ही अट संकरासाठी नाही, रोगासाठी आहे, पण सर्वांत जास्त मोडली जाते ती हीच.

अंडी निवडणं आणि उबवणं

उबवणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण संकराची अंडी इतर अंड्यांपेक्षा वेगळी उबवावी लागत नाहीत. मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली अंडी निवडा. धुऊ नका, धुतल्याने कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. रुंद टोक वर ठेवून थंड जागी साठवा, फ्रिजमध्ये नाही. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी शक्यतो ठेवू नका.

इन्क्युबेटर पंख्याचा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस. बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून साधारण एक अंश जास्त. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. दिवसातून किमान तीनदा अंडी फिरवा आणि अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावून पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. काहीच दिसलं नाही तर अंडं रिकामं. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

खुडूक कोंबडी हाताशी असेल तर हा सगळा खटाटोप तीच करते. तिला रात्री अंड्यांवर बसवा आणि अंड्यांवर पेन्सिलने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या तिच्याखाली आपली ताजी अंडी घालून जातात. 'बसवलेल्या कोंबडीचा रंग पिल्लांना लागतो का' असं मला निदान चार जणांनी विचारलं आहे. नाही लागत. ती फक्त ऊब देते.

याच ओघात: टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरली की ती फिरते, पिल्लाला पायाला धरून उलटं केलं की नर पंख फडफडवतो, अशा बऱ्याच गोष्टी ऐकायला मिळतील. यातली एकही गोष्ट नाणेफेकीपेक्षा जास्त खरी ठरत नाही. पिल्लाचं लिंग अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं.

पिल्लं ओळखणं

पिल्लू ओलं असताना निर्णय घेऊ नका. ओली लव सगळीच गडद दिसते. सुकून कापसासारखी फुलू द्या, मग एकेक हातात घ्या.

पट्टेरी जोडीच्या पिल्लांत पाहायची जागा एकच, डोक्याचा मागचा भाग. काळ्या पिल्लांचं पोट, गळा आणि चोचीभोवतीचा भाग तसाही पांढरट असतो, नराचाही आणि मादीचाही. नवखे त्या पांढऱ्याला फसतात. पोटाकडे पाहूच नका, पिल्लू हातात धरून वरून पाहा. टिकला कधी हरभऱ्याएवढा असतो, कधी चार-पाच पांढऱ्या केसांइतकाच. थोडासाही असला तरी तो नर. संशय आला तर लव बोटाने बाजूला करून पाहा.

सोनेरी-रुपेरी पिल्लं एकेकटी पाहू नका. सगळी एका पसरट खोक्यात, पांढऱ्या कागदावर ठेवा. शेजारी शेजारी आली की दोन गट आपोआप डोळ्यांत भरतात, एकेकटं मात्र प्रत्येक पिल्लू 'थोडं पिवळं, थोडं तांबूस' वाटतं. एखादं मधल्या छटेचं निघालंच तर त्याला शंकेच्या गटात टाका. खात्री नसताना खात्री असल्यासारखी नोंद करणं सर्वांत वाईट.

ओळखलं की लगेच खूण करा. लव दहा दिवसांत बदलायला लागते, आणि 'मी लक्षात ठेवीन' यावर विश्वास ठेवू नका. पायात प्लास्टिकची रंगीत कडी घालतात, नसेल तर सैल धागा. पाय झपाट्याने जाड होतो, त्यामुळे कडी दर चार-पाच दिवसांनी तपासा आणि बदला.

हे सगळं पटकन उरकून पिल्लं उबेत परत सोडा. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या जागेत, ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात: दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर गारठलेली, दूर कोपऱ्यात चोच उघडून धापा टाकत असली तर उकडलेली.

आणि संख्येबाबत मनाची तयारी ठेवा. या युक्तीने नर-मादी ओळखता येतात, त्यांचं प्रमाण बदलत नाही. निम्मे नर येणारच. तेही सरासरीने: बारा पिल्लांत नेमके सहा-सहा निघण्याची शक्यता चारात एकाहूनही कमी आहे. आठ नर आणि चार माद्या निघाल्या तर तुमचं काही चुकलेलं नाही. त्या नरांचं काय करणार हे अंडी पेटीत ठेवण्यापूर्वी ठरवा. खोक्यात चिवचिवाट सुरू झाल्यावर असे निर्णय नीट होत नाहीत.

पंखाची लांबी

रंगाशिवाय झेडवरच बसलेला आणखी एक गुण उपयोगाचा आहे, तो म्हणजे पिसं लवकर फुटतात की उशिरा. उशिरा फुटणं प्रभावी. तेव्हा बाप लवकर पिसं येणारा आणि आई उशिरा येणारी असेल, तर मुलींना पंखाची पिसं लवकर येतात आणि मुलांना उशिरा. एक दिवसाच्या पिल्लाचा पंख पंख्यासारखा हलकेच उघडला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा स्पष्ट लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या किंवा वरची लांब असेल तर नर.

पण तिसऱ्या दिवसानंतर हा फरक भरवशाचा राहत नाही, आणि मुख्य म्हणजे आई-बाप त्या गुणाचे निवडलेले हवेत. कुठल्याही पिल्लाचा पंख उघडून हे सांगता येतं असं जे सर्रास दाखवलं जातं ते चूक आहे. परसातल्या मिसळ कळपात पंखाची लांबी काहीच सांगत नाही.

मोठ्या हॅचऱ्यांत पिल्लाची गुदद्वाराची जागा उघडून लिंग पाहणारे तज्ज्ञ असतात. ही पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली. ती शिकायला दीर्घ सराव लागतो आणि कच्च्या हाताने पिल्लाला इजा होते. घरी करू नका.

पुढच्या पिढीचं काय

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो: निघालेल्या नर-माद्यांची आपसात जोडी लावली तर पुन्हा तशीच पिल्लं मिळतील का? नाही. पट्टेरी जोडीचंच पाहा. नराकडे एक पट्टेरी आणि एक बिनपट्ट्याचं झेड असतं, तो दोन्हींपैकी कोणतंही पुढे देतो. त्यामुळे पुढच्या पिढीत अर्ध्या मुलांना टिकला असतो आणि अर्ध्या मुलींनाही. टिकला मग नुसता टिकला उरतो, त्याचा अर्थ जातो. भाऊ-बहिणींच्या संकरातून पिल्लं अशक्त निघण्याचा धोका असतो तो वेगळाच.

म्हणून मूळ आई-बाप जपा. दरवेळी तीच पहिली जोडी लावायची. निघालेल्या तलंगा अंड्यांसाठी ठेवायच्या, पैदाशीसाठी नाही. त्यांची अंडी साधारणपणे दोन्ही जातींच्या मधल्या रंगाची असतात, कारण तपकिरी रंगाच्या छटा अनेक जनुकं मिळून ठरवतात. त्यात बापाच्या आईचाही वाटा असतो, म्हणून कोंबडा निवडताना त्याच्या आईची अंडी कशी होती हे विचारून घ्यावं.

दर पिढीत आपोआप ओळखता येतील अशा जातीही आहेत. पनेट आणि मायकेल पीज यांनी केंब्रिजला १९२० च्या दशकाच्या अखेरीस गोल्ड कॅम्पिन आणि बार्ड रॉक यांच्यापासून कॅम्बार नावाची अशी पहिली जात तयार केली. त्यामागचं कारण गंमतीचं आहे: नराकडे पट्ट्यांची दोन जनुकं असतात, मादीकडे एकच. दुहेरी मात्रेमुळे नर पिल्लं फिकी, पुसट निघतात आणि एकेरी मात्रेच्या माद्या गडद, पाठीवर स्पष्ट रेघा असलेल्या. आज अशा जातींपैकी क्रीम लेगबार जास्त प्रसिद्ध आहे, तिची अंडी निळसर असतात म्हणून. शुद्ध बार्ड रॉकमध्येही याचा अंधुक प्रत्यय येतो. नराचा टिकला मोठा आणि विस्कटलेला, मादीचा लहान आणि आटोपशीर. पण तिथे चुका बऱ्याच होतात.

कडकनाथ किंवा सिल्की पाळणारे विचारतात की काळ्या कातडीचा उपयोग होतो का. कातडीतला काळेपणा दाबणारं एक प्रभावी जनुक झेडवर आहे, पिवळ्या किंवा गोऱ्या पायांच्या कोंबड्यांत ते असतं. त्यामुळे काळ्या कातडीचा कोंबडा आणि गोऱ्या पायांची कोंबडी अशी जोडी लावली तर मुली बापासारख्या काळ्या कातडीच्या होतात आणि मुलं बरीच फिकी. पण हा फरक ठळक व्हायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी त्यावर विसंबू नये.

वही

शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं आहे. एक वही ठेवा. अंडी पेटीत ठेवल्याची तारीख, आई-बाप, कड्याचा रंग, पहिल्या दिवशी केलेला अंदाज. आणि पुढे बारा आठवड्यांनी त्याच ओळीत खरं काय निघालं ते. बारा आठवड्यांत शंका राहत नाही, कारण नरांच्या पाठीमागे शेपटीच्या बुडाशी टोकदार, चमकदार पिसं लोंबू लागतात आणि माद्यांची तिथली पिसं गोल टोकाचीच राहतात.

पहिल्या दोन-तीन खेपांत एखाद-दुसरी चूक निघाली तर जोडीला दोष देण्याआधी ती चूक कशी झाली ते वहीत शोधा. माझ्या वहीत सोनेरी-रुपेरी पिल्लांच्या एका खेपेला तीन चुका आहेत. तिन्ही पिल्लं नर, तिन्हींची नोंद मादी, आणि तिन्ही रात्री ब्रूडरच्या पिवळ्या दिव्याखाली पाहिलेली. त्या उजेडात सायीचा रंगही बदामीच दिसतो. आता मी सकाळ होईपर्यंत थांबतो आणि खोकं खिडकीपाशी नेतो.